रिकाम्या वर्गाची हजेरी

सेक्रेटरींच्या घराण्यात कोणी कधी नापास झालेलं नव्हतं. हे आपण नाही म्हणत. सेक्रेटरीच म्हणायचे, आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणायचे. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा मुलगा बारावीला गणितात गेला, तेव्हा सेक्रेटरी सांत्वनाला म्हणून खाली गेले आणि नेमकं हेच वाक्य बोलून वर आले. पुढे डॉक्टरांनी त्यांची दाढ काढली ती भूल नीट चढायच्या आतच, असं सेक्रेटरींचं म्हणणं आहे. डॉक्टर म्हणतात, योगायोग.

खरं तर ते आता कशाचेच सेक्रेटरी नव्हते. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद पहिल्या मजल्यावरच्या विमावाल्या वहिनींनी गेल्या निवडणुकीत काढून घेतलं होतं. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. कामाला सोकावलेल्या माणसाचं काम काढून घेतलं की तो लोकांच्या राशीला लागतो. सेक्रेटरी जिन्यातले दिवे कोण चालू ठेवतं यावर पाळत ठेवून होते. अशा माणसाकडे एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे सर आले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

सर विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे. विद्यापीठ केवढं म्हणाल, तर एका टोकाच्या वसतिगृहातल्या पोराची दुसऱ्या टोकाला परीक्षा असली तर त्याने शिदोरी बांधूनच निघावं. एकेका विभागाला चार-चार मजले, मजल्यावर पोरांची जत्रा. आणि त्या सगळ्याच्या मागे, ग्रंथालयाच्या पाठीला, मोडक्या बाकांच्या गोदामाशेजारी एक खोली. तो तत्त्वज्ञान विभाग. शिक्षक एक, सर. विभागप्रमुखही सरच. रजा हवी असली की ते स्वतःकडेच अर्ज करायचे, आणि एकदा म्हणे त्यांनी तो नामंजूरही केला होता.

"सेक्रेटरी, तुम्ही एम.ए. कराल का?" सरांनी विचारलं.

"कशासाठी?"

"नाहीतर आमचा विभाग बंद होतोय. दहा विद्यार्थी तरी लागतात. यंदा एकानेही अर्ज केला नाही." सर फरशीकडे बघत पुढे म्हणाले, "मला दोनच वर्षं राहिलीत हो. माझ्यानंतर त्यांनी काय वाटेल ते करावं. पण त्या खोलीला कुलूप माझ्या हातून लागायला नको. माझ्या सरांनी माझ्या हातात किल्ली दिली होती."

सरांच्या घरी दुसरं कोणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. ती खोली गेली तर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे, हे सेक्रेटरींना न सांगता कळलं. सकाळी उठून कुठेच जायचं नसणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"नुसतं नाव लावायचं ना?" सेक्रेटरी म्हणाले. "मग दहा कशाला, अख्खी बिल्डिंग देतो."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, आधी जिन्यातला दिवा बदला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण सेक्रेटरींच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्यांनी घरोघरी जाऊन पदवीधर गोळा केले. दातांचे डॉक्टर म्हणाले, "तत्त्वज्ञान शिकलो तर पेशंटला भूल कमी लागेल." विमावाल्या वहिनी म्हणाल्या, "वर्गात नवीन ओळखी होतील ना? मग माझं नाव लिहा." तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना काहीच ऐकू येत नसल्यामुळे त्यांनी आनंदाने सही केली. सल्ले मात्र प्रत्येकाने दिले. कोणी म्हणालं, विद्यापीठात सकाळी जा, गर्दी नसते. कोणी म्हणालं, दुपारी जा, सकाळी माणसंच नसतात. दोघांचंही खरं निघालं.

पात्रता विभागाच्या खिडकीत एक बाई बसायच्या. त्यांनी सेक्रेटरींचा अर्ज उलटून पाहिला आणि विचारलं, "पदवी झाल्यापासून आजपर्यंत तुम्ही काय करत होतात?"

"काय करत होतो म्हणजे? नोकरी केली. संसार केला. मुलगा वाढवला, त्याचं लग्न केलं."

"म्हणजे शिक्षणात खंड आहे," बाई म्हणाल्या. "खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र आणा."

सेक्रेटरींनी वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून आणलं. 'मधल्या काळात अर्जदाराने काहीही केलेले नाही' असं एका ओळीत अख्खं आयुष्य त्यात बसलं होतं, खाली शिक्का. त्या रात्री ते जेवले नीट नाहीत. वर आणखी एक कागद निघाला: नव्या विद्यार्थ्याने जुन्या मुलांचा छळ करणार नाही आणि छळ झाल्यास तक्रार करीन असं लिहून द्यायचं, त्याखाली पालकाची सही. सेक्रेटरींचे आईवडील केव्हाच गेलेले. बाईंनी डोकं न उचलता सांगितलं, "जो कोणी सांभाळतो त्याची चालेल." मग बायकोने चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "पाल्याच्या वर्तनाची जबाबदारी घेते, असं लिहिलंय. विचार करून सांगते." दुसऱ्या दिवशी दिवा बदलून झाल्यावर तिने सही केली.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्टच झाली नसती. पण विद्यापीठाची तपासणी समिती आली. म्हणजे सगळ्यांना प्रत्यक्ष वर्गात बसणं आलं. रिक्षा करून सोसायटी विद्यापीठात पोचली, आजोबांना धरून बाकावर बसवलं, आणि तीन गंभीर माणसं मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. सरांनी कोरा फळा पुन्हा एकदा पुसला. इतकी भरलेली खोली त्यांनी किती वर्षांत पाहिली नव्हती कोण जाणे.

त्यांनी आपली खुर्ची ओढून मधोमध ठेवली. "ह्या खुर्चीवर कोणी बसलेलं नाही. हे तुम्हाला कसं कळलं?"

"दिसतंय की," डॉक्टर म्हणाले.

"काय दिसतंय?"

"खुर्ची."

"खुर्ची दिसते हे कबूल. पण 'कोणी नाही' हे कुठे दिसलं? त्याला रंग आहे? आकार आहे? आपल्याकडे जुने लोक घड्याचं उदाहरण देत. जमिनीवर घडा नाही, हे माणसाला डोळ्यांनी दिसतं की बुद्धीने कळतं, यावर त्यांनी एकमेकांशी शेकडो वर्षं भांडण केलंय."

"मग निकाल काय लागला?" वहिनींनी विचारलं.

"अजून चालू आहे."

हे ऐकल्यावर सोसायटीला एकदम घरच्यासारखं वाटलं. डॉक्टर म्हणाले, पडलेल्या दाताची जागा जिभेला कळते, तर डोळ्यांचा प्रश्नच कुठे येतो? वहिनी म्हणाल्या, असं असेल तर पार्किंगमध्ये नसलेली गाडीसुद्धा मोजा. आवाज चढले. सेक्रेटरींनी सवयीने "एकेकाने बोला!" म्हणून बाकावर हात आपटला आणि आजोबा दचकून जागे होऊन म्हणाले, "ठराव मंजूर!" समिती चकित होऊन बघत राहिली. विषयावर इतकं पोटतिडकीने बोलणारे विद्यार्थी त्यांनी दुसऱ्या कुठल्याही विभागात पाहिले नव्हते. जाताना त्यांनी लिहून दिलं की विभाग चालू राहावा. मात्र वर्षअखेरीला कोणीतरी परीक्षेला बसलं पाहिजे. एकही परीक्षार्थी नसेल तर विभाग बंद.

त्या संध्याकाळी सरांनी सगळ्यांना चहा पाजला. एकेकाला दारापर्यंत सोडायला गेले, आजोबांच्या चपला स्वतः सरळ करून ठेवल्या. इतकं हसताना त्यांना बिल्डिंगमध्ये कोणी पाहिलं नव्हतं.

मग, व्हायचं तेच झालं. डॉक्टरांना दवाखाना होता, वहिनींना हप्त्यांची वसुली होती, आजोबांना लेकीने आपल्या गावी नेलं. महिन्याभरात एकटे सेक्रेटरी उरले. त्यांनीही सोडलं असतं. पण ते पडले शब्दाचे पक्के, आणि परीक्षेचं नाव काढल्यावर माघार घेणं त्यांच्या घराण्यात नव्हतं, हे तर आपल्याला ठाऊकच आहे.

सर रोज हजेरी घ्यायचे. समोर एकच माणूस, तरी पहिल्या क्रमांकापासून सुरुवात. क्रमांक पुकारायचा, दाराकडे बघून थांबायचं, मग "गैरहजर" म्हणून खूण करायची. शेवटी सेक्रेटरींचा क्रमांक यायचा.

"सर, मी समोर बसलोय. दिसत नाही का?"

"दिसताय. पण आवाज आला पाहिजे."

"हजर," सेक्रेटरी खालच्या मानेने म्हणायचे. एवढ्या वयात असं म्हणताना कानशिलं तापायची. ग्रंथालयातली पोरं त्यांना "आजोबा" म्हणायची, शिपाई त्यांना चौकशीला आलेला पालक समजायचा, आणि एकदा तर मुलांच्या मोर्च्यात ते चुकून सापडले आणि कुठल्यातरी वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीसाठी घसा कोरडा होईपर्यंत ओरडून आले. पाणीपुरवठा खात्याचा माणूस पाण्यासाठी घोषणा देतोय, हे वहिनींनी पेपरातल्या फोटोत पाहिलं आणि सोसायटीच्या फलकावर लावलं. त्याबद्दल सेक्रेटरी आजही बोलत नाहीत.

अभ्यासाचं म्हणाल, तर बायकोच्या मते पालथ्या घड्यावर पाणी. सेक्रेटरी जेवताना अचानक घास हातात धरून विचारायचे, "आमटीत मीठ नाही हे मला कसं कळलं?" ती म्हणायची, "तोंड आहे म्हणून." पण हळूहळू काहीतरी शिरत होतं. दोघं सोबतच घरी यायचे. जिना चढताना सर दर मजल्यावर दम खायला थांबायचे आणि तेवढ्यात एखादा प्रश्न टाकायचे, म्हणजे थांबणं दम लागल्यामुळे आहे हे कळू नये. सेक्रेटरींना ते कळायचं. तेही मुद्दाम लांबण लावून उत्तर द्यायचे. मग सर वर जायचे, दाराबाहेर चपला काढून ठेवायचे, डाव्या पायाची नेहमी आडवी.

हिवाळ्यात ते थांबणं वाढत गेलं, आणि एके दिवशी सरांना दवाखान्यात हलवावं लागलं. सेक्रेटरी रोज जाऊन बसायचे. सर खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "प्रश्नपत्रिका काढून दिल्यात मी. पुढच्या परीक्षांच्यासुद्धा. सगळे संच सीलबंद."

"अवघड आहेत का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"विद्यार्थ्याला सांगणं गुन्हा आहे." सर किंचित हसले. मग डोळे मिटून म्हणाले, "परीक्षेला बसाल ना?"

"हे काय विचारणं झालं? बसणारच."

सर त्याच आठवड्यात गेले. त्यांची पुतणी आली, सामान बांधलं, घराला कुलूप लावून गेली. सेक्रेटरी जिना चढून आपल्या दाराशी आले की किल्ली काढण्याआधी एकदा वर बघायचे. जिन्याच्या वळणावरून वरच्या दाराबाहेरची फरशी दिसते. तिथे काही नसायचं. काही नसणं इतकं स्पष्ट त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

परीक्षा झाली. एका विद्यार्थ्यासाठी अख्खी यंत्रणा हलली: एक पर्यवेक्षक, एक पाणी देणारा शिपाई, आणि मध्येच धाड घालून गेलेलं भरारी पथक. पथकाने सेक्रेटरींच्या खिशातून चष्म्याचं फडकं, रक्तदाबाची गोळी आणि बायकोने दिलेली कोथिंबीर आणायची चिठ्ठी जप्त केली. चिठ्ठी बराच वेळ वाचून परत दिली. तीन पेपर कसेबसे गेले. चौथा सरांचा. त्यात शेवटचा प्रश्न: 'एखादी गोष्ट नाही, हे ज्ञान आपल्याला कसे होते? स्वतःचे उदाहरण देऊन लिहा.' 'स्वतःचे' या शब्दाखाली रेघ होती.

सेक्रेटरींनी घडा घेतला नाही. त्यांनी चपला लिहिल्या. लिहिलं की तीच फरशी नळवाल्यानेही पाहिली, त्याला नुसती फरशी दिसली. आपल्याला चपला नाहीत हे दिसलं, कारण आपण त्या शोधत होतो. ज्याला असणं माहीत नाही त्याला नसणं दिसत नाही. लिहिताना शाईवर पाणी पडलं. पर्यवेक्षकाला वाटलं पेपर अवघड असेल.

निकाल लागला. तीन पेपर काठावर पास. चौथ्यात नापास.

सेक्रेटरींना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी अर्ज करून उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. बाहेरगावच्या परीक्षकाने शेवटच्या उत्तरावर लाल शाईने लिहिलं होतं: 'घड्याचे उदाहरण नाही. विषयांतर.' घराण्यातला पहिला नापास! मुलाने फोनवर विचारलं तर बायकोने परस्पर सांगितलं की निकाल राखून ठेवलाय. आणि संध्याकाळी दातांचे डॉक्टर वर आले. शांतपणे बसले, पाणी प्यायले, म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, सेक्रेटरी. आमचा मुलगा दुसऱ्या खेपेला सुटला. आमच्या घराण्यात दुसऱ्या खेपेला सुटतातच." आणि खाली गेले. इतक्या दिवसांचं उट्टं त्यांनी दाढेला हात न लावता काढलं.

रात्रभर तळमळून सेक्रेटरी सकाळी फेरतपासणीचा अर्ज भरून विद्यापीठात हजर झाले. खिडकीत त्याच बाई होत्या. अर्ज पाहून त्यांचा चेहरा उजळला. सेक्रेटरींना पाहून उजळलेला हा विद्यापीठातला पहिला चेहरा.

"बरं झालं काका, आलात! द्या इकडे, आजच पुढे पाठवते. पाचच गुण कमी पडलेत, मिळतील. एकदाचे तुम्ही पास झालात की आम्ही सुटलो."

"तुम्ही कशा सुटलात?"

"अहो, ती मागची खोली! कॉम्प्युटरवाले कधीचे मागतायत. पण तुमचा एक पेपर राहिलाय ना. विद्यार्थी बाकी असेपर्यंत विभाग बंद करता येत नाही. रोज शिपाई पाठवून खोली उघडायची, झाडायची, पाटी पुसायची. एका माणसासाठी! तुम्ही हे वर्ष पास झालात की दुसरं तुम्हाला बाहेरून करायला देऊ; इकडे फाइल बंद, खोलीला कुलूप, पाटी खाली."

सेक्रेटरींनी अर्ज खिडकीच्या कठड्यावर ठेवला होता. त्यावर बोट ठेवून ते उभे राहिले. मागे पोरांची रांग कुरकुर करायला लागली.

"आणि नापास होत राहिलो तर?"

"असं कोण करतं?" बाई हसल्या. "पण नियमाने अजून बऱ्याच वेळा बसता येतं तुम्हाला. वर्षंच्या वर्षं."

सेक्रेटरींनी अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. "एक सही राहिलीय," म्हणाले. "पालकाची."

ग्रंथालयाला वळसा घालून ते मागे गेले. खोली उघडी होती. फळा पुसलेला, बाक झाडलेले, खुर्ची मधोमध. ते आपल्या नेहमीच्या बाकावर थोडा वेळ बसले. कोणी क्रमांक पुकारला नाही. मग घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडता निवडता थांबली.

"लोक हसतील," ती म्हणाली.

"हसू देत."

"डॉक्टर दर खेपेला वर येतील."

हे मात्र सेक्रेटरींना लागलं. त्यांनी तिच्यापुढची एक जुडी ओढून निवडायला घेतली. मग म्हणाले, "चहा देत जा त्यांना."

त्यानंतरच्या परीक्षेला ते गेले, त्याच मागच्या खोलीत. ऊन चढायच्या आत, डबा घेऊन, स्वच्छ सदरा घालून. पर्यवेक्षक नवा होता, तरणा पोरगा. त्याने सीलबंद पाकीट फोडून सरांनी काढलेला दुसरा संच पुढ्यात ठेवला. सेक्रेटरींनी प्रत्येक प्रश्न सावकाश वाचला. कुठे सर हसले असतील, कुठे त्यांना दम लागला असेल, ते सगळं त्यांना त्यात ऐकू येत होतं. शेवटच्या प्रश्नात परत 'स्वतःचे' शब्दाखाली रेघ होती. उत्तरपत्रिकेवर त्यांनी आसनक्रमांक घातला, तारीख घातली, आणि पेनाला टोपण लावून ठेवलं.

बराच वेळ झाला तसा तो पोरगा जवळ आला. कोरं पान बघून त्याला वाईट वाटलं असावं.

"काका, काहीच येत नाही का?"

"सगळं येतं," सेक्रेटरी म्हणाले.

पोराने हजेरीचा कागद पुढे केला आणि सहीची जागा दाखवली. सेक्रेटरींनी सही केली. मग मधोमध ठेवलेल्या त्या खुर्चीकडे बघून, खालच्या मानेने नाही, चांगलं मोठ्याने म्हणाले,

"हजर."